आईची वही

पाणी जिना चढत होतं आणि बोटीत जागा सहाच होत्या. "आधी कुणाला नेऊ?" अग्निशमनच्या जवानाने विचारलं. मी आईची वही उघडली. गेल्या पुरानंतर तिने घरोघर फिरून सगळ्यांची माहिती लिहून ठेवली होती. सोसायटी तिला भोचक म्हणायची. महिन्यापूर्वी ती गेली.

"मी शेवटी येईन. मला पोहता येतं," चेअरमन देशिंगे म्हणाले.

मी मोठ्याने वाचलं, "देशिंगे. पोहता येतं म्हणतील. थापा आहेत. आधी बसवा."

"गेल्या तरी पाठ सोडेनात वहिनी!" असं पुटपुटत ते बसले.

शेवटच्या फेरीला मी म्हटलं, "मी थांबते. आईचं सामान आहे."

जवानाने वही मागून घेतली आणि आमच्या घराचं पान वाचलं. "मुलगी. नको म्हणेल. उचलून न्या."

मी आपणहून बसले.