लाकडी पायाची पेनल्टी

"मुद्दाम गोल होऊ दिलास, तर तोंड बघणार नाही तुझं!" ड्युगल्डने गोलकीपरला बजावलं.

महायुद्धाआधी दोघं स्कॉटलंडमधल्या एकाच क्लबात खेळायचे. फ्रान्सच्या आघाडीवर ड्युगल्डचा उजवा पाय गेला. आज लाकडी पायाला बूट चढवून तो पेनल्टी मारायला उभा होता.

गोलकीपर गोलरेषेवर जाऊन उभा राहिला. चेंडू अडवावा, तर मित्राचं मन मोडणार. सोडावा, तर मैत्री.

लंगडत धावत येऊन ड्युगल्डने सगळा जीव एकवटून किक मारली. लाकडी पायाचा पट्टा तुटला. चेंडू डावीकडे उडाला, पाय उजवीकडे!

गोलकीपरने झेप घेतली आणि बुटासकट पाय छातीशी कवटाळला. चेंडू केव्हाच जाळ्यात गेला होता.

चिखलात बसलेला ड्युगल्ड हसत ओरडला, "मुद्दाम होऊ दिला नाहीस, मान्य! आता पाय दे माझा, नाचायचंय मला."