चोची खिडकीकडे

"पाखरांचे कसले नखरे पुरवता, वहिनी! भूक लागली की झक मारत खातील," नणंद हसत म्हणाली.

पण पाखरं खातच नव्हती. वहिनी शिवणकाम करायची; मापाची टेप कायम गळ्यात. रोज मशीनवर बसण्याआधी ती बाजरी आणि सूर्यफुलाच्या बिया कोमट तुपात मळून गोळे वळायची, प्रत्येकावर अंगठा दाबायची आणि परसातल्या झाडाला सुतळीने टांगायची. पाखरं मात्र गोळ्यांकडे ढुंकूनही न बघता कुंपणाच्या भिंतीवर ओळीने बसत. सगळ्यांच्या चोची स्वयंपाकघराच्या खिडकीकडे.

तिनेही हट्ट सोडला नाही. तूप बदललं, शेंगदाण्याचा कूट घातला. पाखरं ढिम्म.

"बघता तरी काय मेल्यांनो एवढं? आज छडाच लावते," असं म्हणत तिने ताजे गोळे टांगले, पाखरांखाली भिंतीला टेकून बसली आणि त्यांच्यासारखीच खिडकीत बघू लागली.

आत ओट्याशी कुणीतरी पाठमोरं उभं राहून गोळे वळत होतं. गळ्यात मापाची टेप होती.

हिचा हात स्वतःच्या गळ्याकडे गेला. टेप नव्हती.

"वहिनी, पुरे की आता!" आतून नणंदेचा आवाज आला.

"हा शेवटचा," आतली म्हणाली आणि तिने अंगठा दाबला.

भिंतीवरची पाखरं एकदम खाली उतरली. झाडाकडे एकही गेलं नाही. एक चिमणी हिच्या मनगटावर बसली आणि तिने अंगठ्यावर चोच मारली.

दुखलं नाही. अंगठ्यातून बाजरीचे चार दाणे तेवढे मांडीवर सांडले.