थोरल्याचे ब्रेक

धाकटीच्या गाडीला दणकट ब्रेक बसवायचे, हा आईचा हट्ट. "ब्रेक फेल झाले म्हणून थोरला गेला, आता हिच्या बाबतीत मी विषाची परीक्षा घेणार नाही," असं ती ऊठसूट म्हणायची आणि बाप खाली बघून मान हलवायचा.

शेवटी दोघं गाडी घेऊन गॅरेजवर आले. मेकॅनिकनं चाक काढून आत डोकावून पाहिलं.

"याच कंपनीच्या मोठ्या, पळणाऱ्या मॉडेलचे ब्रेक हिला चपखल बसतात, काका. आणि शोधत कशाला फिरायचं? थोरल्याची गाडी तेच मॉडेल की. मागे पडलीय तशीच. नाकाचा चुराडा झालाय, पण चाकं शाबूत आहेत."

"ते नकोत," बाप घाईघाईनं म्हणाला. "फेल झाले होते ते."

"फेल? त्यांना काय धाड भरलीय? मी स्वतः तपासून तुम्हाला..."

बापानं त्याचा हात घट्ट दाबला. बापानं चोरून बायकोकडे पाहिलं. ती पाठमोरी उभी होती, शेडमागच्या त्या चेपलेल्या गाडीकडे बघत. तिच्या कानावर काही गेलं नसावं. वर्षभर जिवापाड जपलेली थाप आजही निभावली, म्हणून त्यानं सुस्कारा सोडला.

"तेच बसवा," ती न वळता मेकॅनिकला म्हणाली. "चांगलेच आहेत ते. त्यानं दाबलेच कुठे."