हाजिरीची सही

आमच्या बागेतली तीन कडुलिंबाची झाडं तोडून तिथे पार्किंग करायचं घाटत होतं. नागरिक सल्लागार समितीत मी बिनपगारी सदस्य. चारही मीटिंगांत उभी राहून मी ‘नको’ म्हटलं. तितक्या वेळा खजराण्याच्या देवळात जाऊन बोलले असते, तर गणपतीनं तरी ऐकलं असतं.

पहिलं झाड पडलं, त्याच दिवशी तिथे बोर्ड लागला: ‘समिति की सर्वसम्मति से’.

मी तडक महापालिकेच्या ऑफिसात गेले. तिवारी बाबूंनी शांतपणे फाइल उघडली. ठरावाच्या कागदामागे माझी सही जोडलेली होती. मीटिंगला गेलं की दारातच हाजिरीसाठी घेतात ना, तीच!

“साइन तो आपके ही हैं ना, मॅडम?”

पुढच्या मीटिंगला उरलेल्या दोन झाडांचा विषय होता. दारात बाबूंनी रजिस्टर पुढे केलं.

“आता नाही हं भिया, एकदा फसले.”

“जैसी आपकी मर्जी.”

सही न करता मी आत गेले आणि घसा बसेपर्यंत वीस मिनिटं बोलले. पोहे खाता खाता सगळ्यांनी माना डोलावल्या. अध्यक्ष तर म्हणाले, “बिल्कुल सही बात है, सुमन मॅडम.”

सोमवारी मीटिंगची नोंद व्हॉट्सॲपवर आली.

 

‘सुमन मॅडम अनुपस्थित. उपस्थित सदस्यों में से किसी का विरोध नहीं.’