परत गेलेली फाइल

माझ्या थरथरत्या हाताचं निदान डॉक्टरांनी 'कंपवात' असं लिहिलं. माझी लेक त्याच इस्पितळात फायली वाचून प्रत्येक आजाराला ठरलेला कोड-नंबर देते. तिने फाइल परत पाठवली. "तपासणीत लिहिलंय, हात स्वस्थ असताना थरथर नाही, कप उचलताना होते. कंपवातात तर बहुधा उलट असतं. मग हा कंपवात कसा?"

डॉक्टरांनी मला पुन्हा तपासलं आणि निदान बदलून 'साधा कंप' लिहिलं. "बापासाठी लेक भांडली हो!" ते हसले.

घरी मी म्हटलं, "माझ्यापायी डॉक्टरांशी वाकडं घेतलंस."

"छे हो बाबा, नाव मी नंतर वाचलं. कुणाचीही फाइल असती तरी परत गेलीच असती."

उभ्या जन्मात कुणाशी धड न बोललेला मी, त्या संध्याकाळी हे तीन शेजाऱ्यांना सांगून आलो.