नवमीचं पान

कावळा काही केल्या पानाला शिवेना.

जितेंद्र केव्हाचा गच्चीवर उभा होता. पितृपक्षातली अविधवा नवमी, म्हणजे त्याच्या पहिल्या बायकोचा, मेघाचा दिवस. काटोलला असताना तिला ओकाऱ्या-हगवण लागली आणि दोन दिवसांत ती गेली. तिच्या नावानं पत्रावळीवर खीर, वडे, भात आणि गोळ्याची कढी वाढली होती. कावळे कठड्यावर बसत, मान वाकडी करून बघत आणि उडून जात.

"ताईची काही इच्छा राहिली असन," मागून भूमिका म्हणाली. ही त्याची दुसरी बायको. सवतीचं पान रांधायचा मान रीतीप्रमाणे तिचाच.

जितेंद्रच्या मनात भलतंच आलं. मुक्या पाखराला विष कळतं म्हणतात.

भूमिकाला एमए करायचं होतं, गुन्हेशास्त्र आणि सुरक्षा या विषयात, दूरशिक्षणानं. पुस्तकं टपालानं येणार, रविवारी तेवढं रामदासपेठेतल्या केंद्रात तासाला जायचं. जितेंद्रचा संत्र्यांचा व्यापार, अर्धा आठवडा काटोलला. बायको घरी बसून शिकते तर शिकू दे, म्हणून त्यानं मोठ्या हौसेनं तिचा प्रवेश करून दिला. ती हौस आता चांगलीच अंगाशी आली होती.

आधी ते पुस्तक. स्वयंपाकघरात, मिठाच्या बरणीला टेकून उघडं ठेवलेलं. प्रकरणाचं नाव होतं 'घरगुती विषप्रयोग'. एका हातानं पोळ्या लाटत ती ते वाचत होती.

मग एकदा जेवताना तिनं विचारलं, "बागेतलं फवारणीचं औषध कुठं ठेवता जी तुमी?"

"काहून?"

"प्रकल्प हाय. घरातले धोके लिहाचे हायेत."

तेव्हापासून त्याला घरचा घास नकोसा झाला. तो जेवू लागला की ती समोर बसून त्याच्या तोंडाकडे बघत राही. काय बघून राहिली, म्हटलं तर हसे. मग तो बाहेरच जेवून येऊ लागला, आणि घरी आल्यावर पोट भरलंय म्हणून सांगू लागला. पाण्याचा तांब्यासुद्धा स्वतः भरून घेई. सांगणार तरी कोणाला? बायकोच्या अभ्यासाला घाबरतो म्हटलं तर अख्ख्या काटोलच्या बाजारात हसं झालं असतं. पण घाबरला होता हे खरं. इतका, की शर्ट अंगावर लोंबू लागला होता.

भूमिका पुढं झाली. पत्रावळीसमोर वाकून, हात जोडून तिनं हळूच काहीतरी म्हटलं. ती मागं सरते न सरते तोच एक कावळा खाली उतरला आणि भातात चोच घालून खाऊ लागला.

"काय म्हटलं तू त्याले?"

"ते माहं आन् ताईचं हाय. चला, सवाष्ण येऊन बसली असन."

सवाष्ण म्हणून तिनं अस्मिताला बोलावलं होतं. ही भूमिकाबरोबर त्याच वर्गात होती, आणि नोकरीनं फौजदार. पोलिसातली बरीच मंडळी हा अभ्यासक्रम करतात. साध्या साडीत पाटावर बसलेली अस्मिता पाहून जितेंद्रला धीर आला. पोलीस घरात असताना बायको काही करायची हिंमत करणार नाही.

पानं वाढली गेली. सगळ्यांना एकाच पातेल्यातून कढी. त्याच्यासाठी मात्र भूमिकानं आतून एक वेगळी वाटी आणली आणि त्याच्या पानाजवळ ठेवली.

"मी कढी खात नाही, तुले माहीत हाय," तो म्हणाला. "पित्त होते मले."

"वर्षभर नका खाऊ. आज ताईचा दिवस हाय. तिच्या नावानं एक घोट तं घ्याच."

"नको म्हटलं ना!"

"एकच घोट जी."

ती समोर बसली आणि त्याच्या तोंडाकडे बघू लागली. जितेंद्रला दरदरून घाम फुटला. वाटीत पिवळी कढी, वर फोडणीचा तवंग. त्यानं बोट लावलं, वास घेतला. मोहरी, हिंग आणि आंबूस ताक. दुसरं काही नाही. दुसरं काही येणारच नव्हतं, आणि त्याच विचारानं त्याचा उरलासुरला धीर सुटला.

त्यानं वाटी अस्मिताकडे ढकलली. "मॅडम, ही वाटी ताब्यात घ्या! इनं फवारणीचं औषध टाकलं याच्यात. मले मारून राहिली ही!"

अस्मितानं घास खाली ठेवला. "वास तं येत नाही, भाऊ."

"येतच नाही! ताक आंबट असलं आन् वरून हिंगाची फोडणी देली का काहीच समजत नाही. खाणाऱ्याले चवही लागत नाही. रातच्याले ओकाऱ्या सुरू होते, मंग हगवण. डॉक्टरही हगवणच लिहिते. दोन दिवसांत माणूस खतम, आन् कोणी विचारतही नाही. मले मालूम हाय, मॅडम! तुमी वाचवा मले!"

त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. खरोखरच जिवाच्या आकांतानं बोलत होता बिचारा.

अस्मितानं वाटी उचलली आणि तोंडाला लावली.

"पिऊ नका!" तो ओरडला.

तिनं सगळी कढी संपवली, पदरानं ओठ टिपले आणि वाटी त्याच्यासमोर पालथी घातली.

"कढी झ्याक झाली वं, भूमिका," ती म्हणाली. "आता जितेंद्रभाऊ, मेघाबाईले कढी कोणी वाढली होती, ते सांगा."