धुऱ्यावरची बाभूळ

वावरांमधल्या पांदणीच्या मधोमध जीप चिखलात पोटावर बसली, तेव्हा पुंजाजी मागे गादीवर आडवा होता. सकाळपासून त्याच्या छातीत कळ होती, डाव्या हाताला मुंग्या होत्या, अंगाला घाम होता. अँब्युलन्स डांबरी रस्त्यावर येऊन थांबली होती. आत आलो तर मलाच काढायला दुसरी लागेल, असं तिचा ड्रायव्हर फोनवर म्हणाला होता, आणि त्यात खोटं काही नव्हतं. अवकाळी पावसानं काळ्या मातीची लापशी झाली होती. वरून भुरभुर चालूच होती.

जीप गोविंदाची. त्याच्या जन्माच्या आधीची. गेली काही वर्षं त्यानं स्प्रिंगचे पाटे वाढवून ती उंच केली, सायलेन्सर टपापर्यंत वर नेला, विहीर खोदायच्या यारीची मोटार आणि लोखंडी तार पुढं बसवली. जीप सुधारत गेली तसं त्याचं लग्न मागं पडत गेलं. चारी चाकं ओढतात हे ठीक, पण घर कोण ओढेल, असं एका मुलीच्या बापानं विचारलंही होतं.

गोविंदानं उतरून चारही चाकांतली थोडी हवा सोडली. चाक पसरलं की मातीला जास्त धरतं. फुस्स आवाज झाला आणि पुंजाजीची बायको मनकर्णाबाई रडायला लागली.

"काऊन रडतं वं?" पुंजाजी म्हणाला. "अजून चाकाचाच जीव चालला हाये."

चाकं फिरली. जीप आणखी चार बोटं खाली गेली.

"गोविंदा, आपल्या हरभऱ्यातून घे," मनकर्णाबाई म्हणाली. "घरचंच वावर हाये. मोडला तं मोडला."

"हरभऱ्यातून नाई," पुंजाजी म्हणाला. "आज मी जातो, उद्या गाव जाईन. मंग वहिवाट हाये म्हनतीन."

"अहो, जीव चालला न् तुमचा!"

"जीव माह्या एकल्याचा हाये. वावर पोराचं हाये."

गोविंदाही हरभऱ्यात शिरणार नव्हता. पेरलेल्या वावरात चाक घालायचं नाही, एवढा एकच नेम त्यानं आयुष्यात पाळला होता. शिवाय तिथली माती जास्त ओली. उरली समोरची बाभूळ. तिला तार बांधली की जीप स्वतःच स्वतःला ओढून काढणार होती.

बाभूळ धुऱ्यावर होती. धुऱ्याच्या अलीकडचं वावर पुंजाजीचं, पलीकडचं त्याच्या धाकट्या चुलतभावाचं, जानरावचं. बाभूळ कोणाची, यावर दोघांची कोर्टात कैक वर्षं केस चालू होती. तारखेला सगळे हजर असायचे, बाभूळ सोडून.

जीपचा आवाज ऐकून जानराव धुऱ्यावर येऊन उभा होता. डोक्यावर पोत्याची खोळ.

"गोविंदा," तो म्हणाला, "त्याले विचार, बाभूळ कोनाची?"

पुंजाजी हाकेच्याही अलीकडं होता. पण केस लागल्यापासून दोघं एकमेकांशी बोलत नव्हते.

"काका, मानूस मरून राह्यला."

"मंग लवकर विचार."

गोविंदानं विचारलं. पुंजाजीनं डोळे मिटले. पाऊस टपावर वाजत राहिला. मनकर्णाबाईनं नवऱ्याच्या नाकापुढं बोट धरलं. अँब्युलन्सला आता जा म्हणावं म्हणून गोविंदानं फोन काढला.

"अर्धी," पुंजाजी म्हणाला.

गोविंदानं फोन खिशात घातला.

जानरावनं बाभळीकडं बुडापासून शेंड्यापर्यंत पाहिलं. मग खाली पाहिलं. त्याचा चेहरा रात्रभर पिकाला पाणी देत जागलेल्या माणसासारखा झाला होता.

"बांद," तो म्हणाला.

गोविंदा खोडाला पोतं गुंडाळू लागला.

"झाडाले काऊन पांघरून देतं बे? थंडी वाजून राह्यली का त्याले?"

"तारेनं साल कापते, काका. साल गेली का झाड वाळते."

"दोन पोते लाव," जीपमधून आवाज आला.

"त्याले सांग, माह्या अर्ध्याचं मी पाह्यतो," जानराव म्हणाला. त्यानं डोक्यावरची खोळ काढली आणि आपल्या बाजूनं खोडाला लावली. मग भिजत उभा राहिला.

गोविंदानं त्याला तारेपासून लांब केलं. मोटार घुमली. तार ताणली, बाभूळ करकरली, दोघा मालकांनी एकदमच "हळू बे!" म्हटलं. जीप चिखलातून इंचाइंचानं वर आली. हरभऱ्याचं एक पान मोडलं नाही.

"पुढं दगडं हायेत," गोविंदा तार सोडत म्हणाला. "हळूच घेतो, पन हालन. कोनी तरी डोकं धरा."

मनकर्णाबाई पाय धरून बसली होती. कोणी तरी म्हणजे एकच माणूस उरला होता. जानराव चिखलाच्या पायांनी मागे चढला, खाली बसला आणि पुंजाजीचं डोकं मांडीवर घेतलं. ते त्याला वाटलं त्यापेक्षा जड होतं.

जीप पहिल्या गिअरमध्ये निघाली. पुंजाजीनं डोळे उघडले. वर जानरावची हनुवटी होती, तिच्यावरून पाणी ठिबकत होतं.

"कोनती अर्धी घेतं?" त्यानं विचारलं.

"वापस ये पह्यले," जानराव म्हणाला. "मंग सांगतो."

दगड आला, तसं त्यानं ते डोकं दोन्ही हातांनी पोटाशी घट्ट धरलं.